नख अडकलं तर

२ मार्च, सकाळ
लीज कंपनीचं पत्र आलं, गाडीच्या भाडेकराराची मुदत संपली. १९ तारखेला सकाळी दहा वाजता त्यांचा तपासनीस घरी येऊन गाडी ताब्यात घेणार. ‘नुकसान आढळल्यास डिपॉझिटमधून वजा करण्यात येईल.’ आढळल्यास म्हणे. यांचं आधीच ठरलेलं आहे. मी संशयी नाही, फक्त वाक्य नीट वाचते. हे अकरा वेळा वाचलं.

डिपॉझिट पूर्ण मिळालं तर माझी स्वतःची गाडी घेता येईल. पांढरी, सेकंडहँड, पाहून ठेवली आहे. नाही मिळालं तर मला पेशंटांकडे बाबा सोडणार. फिजिओथेरपिस्टला रोज सहा घरं गाठावी लागतात आणि बाबा तिसऱ्या गियरच्या पुढे जात नाहीत.

निश्चय: रोज अर्धा तास गाडीसाठी. घाबरायचं नाही.

३ मार्च
टॉर्च घेऊन दोन तास तपासणी. अकरा खुणा. दादा म्हणाला, ठमाबाई, टॉर्च लावून शोधलंस तर माझ्या तोंडावरही अकरा सापडतील. मागच्या बंपरवरचा ओरखडा तुझा का, असं विचारलं. जानेवारीत त्यानेच गाडी नेली होती. नाही म्हणाला, पण हसत. हसला का?

५ मार्च, दुपार
कंपनीला फोन. गोड आवाजाची बाई. म्हणाली, ताई, वापरानं पडलेल्या खुणा आम्ही धरत नाही. नख फिरवून बघा. अडकलं तर नुकसान, नाही अडकलं तर नाही. मी विचारलं, कुणाचं नख? तिनं प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, कुणाचंही, ताई. असं कसं कुणाचंही? वर म्हणाली, निश्चिंत राहा. दात उपटण्याआधी डेंटिस्टही हेच म्हणतात.

६ मार्च
नखं अगदी मुळापर्यंत कापली. मग सगळ्या खुणांवर बोट फिरवलं. अकरातून तीनच उरल्या! एका सकाळीत आठ नुकसानं भरून काढली.

खात्रीसाठी आईला बोलावलं. आईचं नख अकराच्या अकरा ठिकाणी अडकलं. आईची साक्ष ग्राह्य धरलेली नाही. तक्ता केला आहे, त्यात तिला वेगळा रकाना दिला.

९ मार्च
बंपरसाठी रंगाचं पेन आणलं. दुकानदार म्हणाला, राखाडीत दोन प्रकार येतात, बॉनेटखालचा नंबर बघून या. बॉनेट उघडताना नवा ओरखडा पडला तर जबाबदार कोण? हा कशाला भरेल? मला नजरेनं रंग कळतो. लावला. वाळला की मिसळेल.

१० मार्च
मिसळला नाही. समोरच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, गाडीला पट्टी बांधलीस का गं? हे काका दिवसभर आमच्या गाडीकडे का बघत असतात?

१२ मार्च
भांड्यांच्या घासणीनं रंग काढला. रंग गेला. चकाकीही गेली. आता बशीएवढा आंधळा डाग.

गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं डागाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, भावानं. तो म्हणाला, त्याला सांगा, पुन्हा हात लावू नको. नक्की सांगते म्हणाले. त्यानं पॉलिश मारलं, डाग जवळजवळ दिसेनासा झाला. पैसे घ्यायला तयार नाही. म्हणाला, एवढ्याशाचे काय घ्यायचे. का नाही घ्यायचे? कंपनीशी ओळख असावी.

१५ मार्च
एक इसम गाडीजवळ उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता. कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेले आणि सरळ विचारलं. म्हणाला, तुमच्या इमारतीवरच्या ‘भाड्याने देणे’ पाटीचा काढला. फोटो दाखवला. पाटीच होती. एकच फोटो दाखवला, हे लक्षात ठेवण्यासारखं.

१८ मार्च
गाडी धुतली. बंपर भिंतीला टेकवून उभी केली, मागे माणूस जाणार नाही अशी. दादानं शपथ घातली: उद्या विचारतील तेवढंच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही. हे सांगायला हवं का मला?

१९ मार्च, सकाळी साडेअकरा
तपासनीस आले. पन्नाशीचे, केस रंगवलेले. आधी नखं पाहिली. कुरतडून कुरतडून पार मांसापर्यंत! मी मनातल्या मनात नाचले.

त्यांनी गाडीच्या तीन बाजूंनी एक चक्कर मारली. चार मिनिटं. बंपरपाशी वाकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, छान ठेवलीत हो गाडी. इथे सही करा.

मी हातात पेन धरून उभी. शोधण्याचाच पगार मिळणारा माणूस चार मिनिटांत काहीच नाही म्हणतो? म्हणजे यांना सगळं कळलेलं आहे, मी आपणहून बोलते का ते पाहत आहेत. बाबा असंच करायचे. तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, बाबांनीच घरी शिकवलं. संध्याकाळी ते पेपर उघडून गप्प बसायचे. आमच्याकडे नियम होता, चूक सापडण्याआधी सांगितली तर माफ.

मी बंपरचं सांगितलं. ते म्हणाले, असू दे हो ताई, सही करा. मी म्हटलं, थांबा. फाइल आणली. अकरा खुणा, फोटो, नखांचा तक्ता, आईच्या रकान्यासकट. डाग भावानं नाही, मी पाडला, हेही सांगितलं.

ते पायरीवर बसले. म्हणाले, अहो, हे लेखी कशाला दिलंत? आता मला नोंदवावंच लागेल. वर खिडकीत दादानं कपाळावर हात मारला. बाबा मात्र खाली आले आणि पाठ थोपटून शाब्बास म्हणाले.

गाडीबरोबर फाइलही तपासनीस घेऊन गेले. काळजी नाही. नखं खाणारा माणूस आतून हळवा असतो.

२६ मार्च
पत्र. अकरा कलमं, मथळे माझेच, शब्दन् शब्द. कंपनीनं आईचा रकाना धरला आहे. उरलेल्या रकमेत पांढऱ्या गाडीची चाकं येतील.

२८ मार्च
सकाळचा नवा पेशंट, खांदा दुखणारे एक आजोबा. बाबांनी त्यांच्या गाडीतून सोडलं. नऊची वेळ, पोचलो पावणेदहाला. मी डिकीतून पिशवी काढेपर्यंत बाबांनी वर जाऊन बेल वाजवली. आजोबांनी दार उघडून बाबांना विचारलं, डॉक्टर ना?

बाबा हो म्हणाले.