पाळणाघराची वेळ

शिरवळ, मंगळवार, संध्याकाळ

पाळणाघराच्या बैठकीहून आले. किळस वाटते आहे, स्वतःचीही.

कंपनीत कामाला जाणारी सुरेखा वेळेबद्दल सांगायलाच तान्ह्याला घेऊन आली होती. बाळ रडू लागलं. अध्यक्ष म्हणाले, "आवं ताई, त्याला जरा भाईर न्या. हितं पोरांचंच काम चाललंय." सगळे हसले. ती बाहेर गेली. रडणं आत येतच राहिलं, म्हणून दाराला कडी मी घातली. मला कोणी सांगितलं होतं?

वेळ ठरली, दहा ते पाच. दाराबाहेरून ती म्हणाली, "बाई, आमची ड्युटी सकाळी सातला असती." मला नीट ऐकू आलं. कडी काढायला मी उठले नाही. इतिवृत्त लिहीत होते: ठराव एकमताने मंजूर.