थकव्याचा लेयर

२ जून
आजपासून डिजिटल चित्रकला. लेकीने जुना टॅब्लेट दिला तो पत्ते खेळायला. पण पत्ते काय, कोणीही खेळतो. विषय ठरला: आधुनिक कामाने मनाची होणारी दैना. मॉडेल घरातच आहे. मधल्या खोलीत लेक सकाळी ऑफिसच्या कामासाठी हेडफोन चढवते, तो जेवायला हाक मारली तरी उतरत नाही. शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, कविता नुसती पाठ करू नका, काळजात उतरवा. चित्राचंही तेच.

४ जून
लेकीने चार दिवस सुटी मागितली आहे. तिचे साहेब म्हणतात, बघू. आमची ही म्हणाली, पोरगी झोपेतसुद्धा ‘माझा आवाज येतोय का’ विचारते, तुम्ही बसा चित्रं काढत. बसणारच. चित्र थेट साहेबांना पाठवायचं. अर्जाने जे हलत नाही ते कलेने हलतं. लेकीला सरप्राइज.

५ जून, दुपार
लेकीच्या मागे स्टूल टाकून स्केच. तिने न वळता चिठ्ठी सरकवली: बाबा, मीटिंगमध्ये सगळ्यांना तुमचा बनियन दिसतोय. कलावंताला वेशाचं भान नसतं. तरी शर्ट घातला.

८ जून
लेयर शिकलो. काचेवर काच ठेवावी तसं. खालच्या लेयरवर लेकीचा चेहरा. वरच्यावर डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खांद्यावर ओझं, एक अश्रू आणि माझ्या दोन ओळी:
बोटे थकली, डोळे जळले,
हसणे कुठल्या फाइलीत गळले?
ही म्हणाली, काजळ फुटलंय का तिचं? आणि खांद्यावर घोरपड कशाला बसवलीय? मी शिकवायचो तेव्हा वर्गात या ओळींना टाळ्या पडल्या असत्या.

९ जून
साहेबांचा ईमेल पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर मिळाला. यादीत वरच्या लेयरच्या नावाशेजारी एक छोटा डोळा उघडा दिसला. उगाच कोणी डोकावायला नको, म्हणून मिटवला. मग पाठवलं. सोबत एकच वाक्य: चित्रच बोलेल.

११ जून
लेक टॅब्लेट घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, बाबा, डोळा मिटला की तो लेयर दिसतच नाही. गेली ती फक्त खालची टवटवीत लेक. गाल जरा गुलाबीच झाले होते. शेवटी बापाचा हात. साहेबांना म्हणे गहिवरून आलं. इतक्या आनंदाने काम करणारी मुलगी सुटीवर गेली तर टीमने कोणाकडे बघायचं?
मी म्हणालो, लगेच दुसरं पाठवतो. ती म्हणाली, हात जोडते. मग हसत सुटली, आणि हसता हसता आईच्या ओढणीला डोळे पुसू लागली. खरा अश्रू बराच लहान असतो. माझा लांबट झाला होता.

१४ जून
चित्र कंपनीच्या नोकरभरतीच्या जाहिरातीत झळकलं. वर मथळा: इथे काम म्हणजे आनंद! पहिल्याच चित्राला एवढा प्रतिसाद कोणाच्या नशिबी असतो? अर्ज धो धो येताहेत. येतील त्यांना शिकवायचं काम लेकीकडे दिलं आहे, रविवारी.
ही माझ्याशी बोलत नाही. लेकीला वेळ नाही.