फायनाची एकमेव चूक

साल्तो, १२ जानेवारी

चि. नेलिदा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू, तुझी मायते आणि ती कुत्री फायना सुखरूप मिनासला पोहोचल्याचा फोन आला. हल्ली टपालपेटीत फक्त माझी पत्रे आणि कोळी राहतात, असे तू म्हणालीस. असेल. पण फोनवर बोललेल्याला सही नसते. आणि एकतीस वर्षे सरकारी वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला बिनसहीचे काही खरे वाटत नाही.

सोबत मायतेची नोंदवही परत पाठवत आहे. मुख्याध्यापिका सेल्वाबाईंच्या अटीप्रमाणे तीन महिन्यांच्या नोंदी तू ठेवल्यास, आणि शेवटचा आठवडा घराबाहेरच्या साक्षीदारासमोर, म्हणजे माझ्यासमोर, पार पडला. मायतेला आकडी येण्याआधी फायनाने इशारा द्यावा, आणि इशाऱ्यानंतर अर्ध्या तासात आकडी यावी. एकही इशारा व्यर्थ जाऊ नये. एवढे जमले तर मार्चपासून कुत्री मायतेबरोबर वर्गात बसेल. अट रास्त आहे.

माझ्या आठवड्यात तीन इशारे झाले. पाच आणि नऊ तारखेचे अचूक. सात तारखेचा मात्र व्यर्थ. जेवणानंतर मी आणि मायते पडवीत बसलो होतो. तू आत भांडी विसळत होतीस. मी येर्बाच्या चहाच्या पेल्यात थर्मासमधले गरम पाणी नुकतेच ओतले होते. कुत्री उठली, मायतेला सोडून माझ्याकडे आली, माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून दोनदा भुंकली. मी तिला हाकलले आणि पेला ओठाला लावला, तो गार झालेला. थर्मास बदलायला हवा. मायते माझा रुमाल हातात धरून माझ्याकडे टक लावून पाहत होती. मुलीला ही वाईट खोड आहे, तिला सांग. त्या दिवशी तिला काहीही झाले नाही. म्हणून मी त्या रकान्यात ‘व्यर्थ’ असे लिहिले आहे.

निघताना बसच्या पायरीवरून तू म्हणालीस, की दादा, तेवढी एक ओळ गाळ. नेलिदा, साल्तोच्या संत्राबाजारात लोकांनी माझ्यापुढे गयावया केली, तरी चुकलेल्या काट्यावर मी मोहोर उठवली नाही. शंभरदा बरोबर तोलून एकदा चुकणारा काटा हा चुकणारा काटाच असतो. ती ओळ ठेवून सही हवी असेल तर कळव.

फायनावर माझा राग नाही. सहा तारखेच्या सणाला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांच्या उंटांसाठी मायतेने रात्री ठेवलेले पाणी तिने राजे यायच्या आधीच पिऊन टाकले, हे मी कुठेही नोंदवलेले नाही.

माया आहेच, ती तोलून दाखवायची पाळी आणू नये.

तुझा,
आपारिसिओ

मिनास, २० जानेवारी

ति. दादा यांस,
सा. न. वि. वि.

नोंदवही मिळाली. सगळं निळ्या शाईत आणि ‘व्यर्थ’ तेवढं लाल शाईत. कौतुक वाटलं.

काट्याची गोष्ट सांगून झाली असेल तर आता मुलीची ऐक. गेल्या ऑगस्टमध्ये मायते शाळेच्या जिन्यावरून पडली, हनुवटीला सात टाके. फायनाला तेव्हा फाटकाबाहेर बांधलेलं होतं. ती वीस मिनिटं दोर ओढत भुंकत होती. गप्प करायला शिपायाने तिला पाव टाकला. तिने पावाला तोंड लावलं नाही. सेल्वाबाई वाईट नाहीत, पण स्पष्ट म्हणाल्या, की कुत्री आत बसायच्या लायकीची ठरली नाही तर ही जोखीम मी पुन्हा घेणार नाही. मुलीला घरी ठेवा, एक बाई आठवड्यातून दोनदा येऊन शिकवेल. इकडे मायतेने शाळेचा पांढरा अंगरखा आणि निळी फीत स्वतः इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवलीय. शाळेला अजून सहा आठवडे आहेत. लाल शाईचं मी तिला सांगितलेलं नाही.

आता तुझी थोडी थट्टा करते, रागावू नकोस. आपल्या घरी तू बोलता बोलता मध्येच थांबायचास. नजर भिंतीवर, चमचा हवेत. आणि आई ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावायची, की थांबा, आपारिसिओ मोजतोय. मग सूप गार झालं तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. बाजारातही तेच. तू काट्यासमोर गप्प झालास की संत्रीवाल्यांना घाम फुटायचा. त्या म्हाताऱ्या सिरिलोने तर तू एक शब्द विचारला नसताना कबूल केलं, की परडीच्या तळाला शिसं लावलंय. तुझ्या अचूकपणाची अर्धी कीर्ती त्या गप्प राहण्यावर उभी आहे, दादा.

मला एवढंच सांग. सात तारखेला कुत्री भुंकली आणि तू पेला ओठाला लावलास, या दोहोंत किती मिनिटं गेली? मनगटावर घड्याळ होतं. उत्तर लाल शाईने दिलंस तरी चालेल.

लोभ आहे तेवढा राहू दे, त्यात घट धरू नकोस.

तुझी,
नेलिदा

साल्तो, २८ जानेवारी

चि. नेलिदा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचा रोख मला कळला नाही, असे समजू नकोस. उत्तर : साधारण एक मिनिट. मी विचारात होतो. कसला विचार, हे आठवत नाही. निवृत्त माणसाच्या विचाराला विषय असावाच लागतो असे नाही.

तरीही चौकशी केली. थर्मास दुकानात नेऊन तपासून घेतला. त्यात पाणी नऊ तास गरम राहते. तेव्हा पेला गार होण्याचे कारण अद्याप सापडलेले नाही.

इकडे आणखी एक भानगड. गेल्या गुरुवारी बसथांब्याजवळच्या वळणावर माझी गाडी आपोआप फुटपाथवर चढली आणि बाकाला धडकली. लॉटरीची तिकिटे विकणारी बाई रोज त्या बाकावर बसते; ती नेमकी पाणी आणायला उठली होती. मेकॅनिकने ब्रेक दोनदा तपासले आणि उत्तम आहेत म्हणाला. इतकी वर्षे त्या माणसाला मी हुशार समजत होतो.

आईच्या नावाने थट्टा मला आवडली नाही. ती ओळ राहील.

राग नाही, असल्यास उतरेल.

तुझा,
आपारिसिओ

मिनास, ४ फेब्रुवारी

ति. दादा यांस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही.

साल्तोहून परत येताना बसमध्ये मायते मला म्हणाली, की आई, मामा पण जातो. मी विचारलं, कुठे? तर म्हणे, मी जाते तिथेच.

कुत्री भुंकल्यावर तिने तुझ्याकडे पाहिलं. तुझे डोळे उघडे होते आणि आत कुणी नव्हतं. तोंडात घास नसताना तू चावत होतास आणि रुमालाच्या एकाच टोकाची पुन्हा पुन्हा घडी घालत होतास. तिने पेला तुझ्या हातातून काढून बाजूला ठेवला, अंगावर सांडू नये म्हणून. तुझ्या हनुवटीवरून लाळ आली ती रुमालाने पुसली. आणि आम्ही तिच्यासाठी मोजतो तशी मिनिटं मोजली. जाण्याची तीन, परत येण्याची सहा. परत आल्यावर तू तिला पहिलं वाक्य बोललास ते असं, की बघतेस काय भुतासारखी.

कुत्री चुकली नाही, दादा. चुकलं ते रोग्याचं नाव.

मायतेने मला शपथ घातली होती, की मामाला सांगू नकोस, त्याला लाज वाटेल. मलापण आधी वाटायची, असं म्हणाली. ती शपथ तुझ्या बाकामुळे मोडतेय.

सेल्वाबाईंना मी यातलं काही सांगणार नाही. तो हक्क माझा नाही. वही सोबत पाठवतेय, ती वीस तारखेच्या आत शाळेत पोहोचायला हवी. ओळ तशीच ठेवून सही केलीस तर मायते घरी बसेल आणि मी तुझ्याशी भांडणार नाही. पण गाडीची किल्ली आजच्या आज कुणाकडे तरी दे. ती बाई दर वेळी पाणी आणायला उठणार नाही.

काळजीपोटी जे कडू लिहिलं ते गोड मानून घे.

तुझी,
नेलिदा

साल्तो, १३ फेब्रुवारी

चि. नेलिदा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. पहिल्या तीन वेळा त्यात चूक शोधण्यासाठी.

मला काही ठाऊक नव्हते, असे लिहिणे सोयीचे झाले असते. मी अकरा वर्षांचा असताना आई मला पायसांदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तुझा जन्म व्हायचा होता. परतताना नदीकाठी तिने मला आइस्क्रीम घेऊन दिले आणि सांगितले, की अपस्मार हा जो शब्द ते म्हणाले, तो आपल्याबरोबर घरी येणार नाही. कुणी विचारलेच तर तू मोजत होतास. मी विचारले, काय मोजत होतो? ती म्हणाली, ते कुणी विचारत नाही. सत्तेचाळीस वर्षांत खरोखरच कुणी विचारले नाही.

पुढे लोक मला अचूक म्हणू लागले, तेव्हा अचूक होण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. सिरिलोचे शिसे मात्र खरे होते, एवढे माझ्या बाजूने ध्यानात ठेव.

वहीत केलेली दुरुस्ती अशी : ‘७ जानेवारी, दुपारी १.४०. इशारा योग्य. आकडी आली ती खाली सही करणाऱ्याला. चूक कुत्रीची नाही, निरीक्षकाची.’

येथे एक अडचण उभी राहते. साक्षीदारच रोगी निघाल्याने साक्ष त्रयस्थ राहिली नाही, आणि नियमाने सेल्वाबाई संपूर्ण वही नाकारू शकतात. हे त्यांच्या लक्षात आले नसते, असे मला वाटले. म्हणून वेगळ्या पत्राने त्यांना कळवले आहे. तू कपाळावर हात मारून घेशील, ते मला येथून दिसते आहे. परंतु मुलीला खोट्या कागदावर वर्गात बसवायचे असेल तर त्यासाठी माझी गरज नव्हती.

गाडीची किल्ली शेजारच्या ओंदिनाबाईंकडे दिली. त्यांनी कारण विचारले. आयुष्यात प्रथमच मी तो शब्द मोठ्याने उच्चारला. त्यावर त्या म्हणाल्या, की अहो, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे; तुम्हाला कळलं तर वाईट वाटेल म्हणून आम्ही बोलत नव्हतो. डॉक्टरांची वेळ दोन मार्चची मिळाली आहे.

मायतेला माझ्या वतीने सांग, की तिचे मोजमाप बरोबर होते.

यानंतरही लोभ उरला असेल तर कळवावे.

तुझा,
आपारिसिओ

मिनास, १० मार्च

प्रिय मामास,
मायतेचा शि. सा. न.

आई म्हणाली, या वेळी तूच लिही. सेल्वाबाईंनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि वही मिटून ठेवली. आईला वाटलं, झालं, संपलं. मग त्या म्हणाल्या, की हा माणूस कुणी न विचारता स्वतःविरुद्ध लिहितो, तो कुत्रीच्या बाजूने खोटं कशाला लिहील? आणि सही केली.

फायना माझ्या बाकाखाली बसते. सोमवारी गणिताच्या तासाला तिने पंजा ठेवला. मी स्वतः चटईवर जाऊन आडवी झाले आणि गेले. परत आले तेव्हा फळ्यावर तोच अपूर्णांक होता. कंटाळवाणा होता, पण मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या ना? त्या गोळ्यांनी झोप येते. पहिले पंधरा दिवसच.

ईस्टरच्या सुट्टीत तू बसने येणार आहेस, असं आई म्हणाली. एकटा आहेस आणि तुझ्याजवळ फायना नाही, म्हणून नीट वाच. बसल्या बसल्या शेजारच्या माणसाला आधीच सांगायचं. नंतर सांगितलं तर ते घाबरलेले असतात आणि ऐकत नाहीत. मी असं सांगते : मी थोडा वेळ जाईन आणि परत येईन, ओरडू नका, मला धरू नका, माझी पिशवी सांभाळा. पहिल्यांदा सांगताना खूप अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा कमी होतं. तू मोठा आहेस, तुला जास्त वेळा लागतील. आरशासमोर म्हणून बघू नकोस, मी बघितलंय, त्याचा उपयोग नाही. खऱ्या माणसालाच सांगावं लागतं.

मोंतेविदेओला बस बदलावी लागते, म्हणजे शेजारी दोन. दोघांनाही सांग.

तुझी,
मायते