पानं कोरडी, मुळं ओली

४ फेब्रुवारी
निषेध! माझ्या संस्कृत कोशाचे दोन्ही खंड आज टेबलावरून पदच्युत झाले. त्या सिंहासनावर आता काचेची टाकी, आणि टाकीत एक लालभडक मासा. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरी गेली, जाताना ही इस्टेट बापाच्या गळ्यात घालून गेली. कोश कपाटावर, कुकरच्या रिकाम्या खोक्याशेजारी. विद्वत्तेची ही दशा!

माशाचं नाव दुर्वास ठेवलं. काचेत स्वतःचंच तोंड दिसलं तरी कल्ले फुगवून धावून जातो.

६ फेब्रुवारी
लेकीचा फोन. आमचं संभाषण वर्षानुवर्षं ठरलेलं – “बाबा, आई कुठंय?” “देतो.” संपलं. आज मात्र, “आईला देऊ नका, तुमच्याशीच काम आहे!” दुर्वासाला डोक्यावर सावली हवी म्हणे, पाण्यावर तरंगणारी रोपं आणा. चहा पार गार होईपर्यंत बोललो. बायको दारात उभी राहून बघत होती.

८ फेब्रुवारी
आणली. दुकानात वॉटर लेट्यूस. कोशात – स्टुलावर चढून पाहिलं – कुंभिका. वर मखमली हिरवी फुलं जणू, खाली मुळांच्या लांब दाढ्या. दुर्वासाने एका दाढीत तोंड खुपसलं आणि प्रथमच गप्प झाला. मुनींना आश्रम मिळाला.

१५ फेब्रुवारी
संकट. पानं मधोमध काळी, बुळबुळीत! मी तर जिवापाड जपतोय. रोज आंघोळ झाली की वरून पाणीसुद्धा शिंपडतो.

लेक रोज फोनवरून टाकी बघते. “दिवा लावता ना?” लावतो. “फिल्टरची धार अंगावर पडत नाही ना?” नाही. “मग तुम्ही काहीतरी करताय, बाबा!” बायकोचा शेरा – “बापलेक इतकं बोलतात हे मला या घरात येऊन इतक्या वर्षांनी आत्ता कळतंय.”

१९ फेब्रुवारी
बायकोने रंगेहाथ पकडलं.
“हे काय चाललंय?”
“प्रोक्षण.”
“अहो, पाण्यातच बसलीयेत ती! त्यांना कसली तहान?”
लगेच फोनवर चहाडी. लेकीचं हसू थांबेना. “बाबा, पानं कोरडी, मुळं ओली! एवढंच सांभाळा.” जन्मभर शाळेत मुलांकडून सूत्रं घोकून घेतली. आज मलाच एक मिळालं.

२ मार्च
बाळसं धरलं! एकेका रोपाला देठाच्या दोरीने बांधलेली पिल्लं. पाणी दिसेनासं झालं. मूठभर काढून शेजारच्या वहिनींना दिली. दुर्वासाने पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधलंय. बायको नाही, पोरं नाहीत, पण घर तयार! आशावाद असावा तर असा.

लेकीला दाखवलं. “मस्तच! मग आता काही प्रॉब्लेम नाही.” आणि पाठोपाठ – “आई कुठंय?”

७ मार्च
फोन येतात – आईला. माझ्या वाट्याला “बाबांना विचारलंय म्हणून सांग”. रोपं मात्र निर्लज्जपणे ठणठणीत.

सकाळी पाण्याची वाटी घेऊन टाकीपाशी उभा होतो. एखादंच पान काळं पडलं असतं... मागून आवाज – “शिंपडा, शिंपडा! नाहीतर सरळ फोन लावा तिला.” वाटी खाली ठेवली. फोन लावला नाही. लावून म्हणायचं काय?

११ मार्च
आला! “आईला देऊ नका. बाबा, मीपण खोलीत बरणीत कुंभिका लावल्यात. सडतायत हो! रोज वरून पाणी शिंपडते, तरी.”

कुंभिका म्हणाली. माझा शब्द! मी गंभीर आवाजात सूत्र सांगितलं – पानं कोरडी, मुळं ओली. “हो का? बरं. उद्या फोन करून सांगते, कशी आहेत ते.”

फोन ठेवला आणि बायकोला सांगायला हसत उठलो – शिकवणारीच मला विचारते! दारापर्यंत गेलो. हसू तिथेच थांबलं.

१२ मार्च
इतके दिवस वाटत होतं, फोनची गरज मलाच आहे. तिकडे त्या खोलीत संध्याकाळी तिच्याशी बोलायला कुणी आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. आज विचारणार आहे. उत्तराची भीती वाटते.