जावयानं बघितलेलं काळीज

१२ नोव्हें., बुध.
खोकला जाईना म्हणून प्रज्ञानं परभणीला नेऊन छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. केंद्र तेच, जिथं तिचा नवरा रिपोर्ट वाचतो. मी त्याला जावई म्हणत नाही. डॉ. म्हणतो.
फुप्फुसं स्वच्छ निघाली. निघणार तेवढ्यात डॉ.नं आत बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, हृदयाभोवती चरबी जास्त दिसते. मी शर्ट वर करून बरगड्या दाखवल्या. कॉलेजातली पोरं मला पाठीमागं काडी सर म्हणायची.
"पप्पा, ही पोटावरची चरबी नाही. बारीक माणसालाही असते. हृदयाच्या रक्तवाहिन्या तिच्यातूनच जातात. ती वाढलेली असली की वाहिन्या अरुंद असण्याची शक्यता वाढते."
खात्री नाही, शक्यता. म्हणून शिरेत औषध सोडून दुसरा स्कॅन करा म्हणे. आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, आता हा मला शक्यता शिकवणार.
निघताना तो 'जयभीम' म्हणाला. मी 'नमस्कार' म्हणालो.

१३ नोव्हें.
सेलू. सौ.नं तेल बंद केलं. फोडणी नसलेलं वरण वाढायलीय आणि माझ्या तोंडाकडं बघायलीय, जसा मी आत्ताच पडणार.
राग वरणाचा नाही. प्रज्ञाचं लग्न झाल्यावर डॉ.ची आई एकदाच आमच्या घरी आली. गावच्या पाटलांच्या घरातली बाई, आम्ही बौद्ध. खुर्चीच्या टोकावर बसली. सौ.नं पाणी दिलं तर म्हणाली, उपवास आहे. पाण्याचा कसला उपवास. आणि तिचा पोरगा माझ्या काळजाच्या आत बघून मोकळा.

१६, रवि.
प्रज्ञाचा फोन. नांदेडच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेते म्हणाली. मी म्हणालो, नवऱ्याला म्हणावं आधी आईचा स्कॅन काढ, तिच्या आत काय काय साठलंय बघ. तिनं फोन ठेवला.
बोललो ते बोललो. परत घेणार नाही.

१९, बुध.
इथल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडून ईसीजी काढला. एकदम चांगला. "तुमच्या अंगावर चरबी कुठंय सर? जाऊ द्या," म्हणाले. मोबाइलवर फोटो काढून डॉ.ला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.
जुन्या डॉक्टरांना एक सांगितलं नाही. स्टेशनवरच्या पुलाचा दादरा चढताना हल्ली छाती आवळल्यासारखी होते, मधेच कठडा धरून थांबावं लागतं. कुणालाच सांगितलं नाही.

२२, शनि.
डॉ. स्वतः आला. एकटाच. सौ. आत चहा करायला गेली. तो बसलाच नाही, उभ्यानं बोलला. ईसीजी चांगला म्हणजे वाहिन्या मोकळ्या, असं धरता येत नाही म्हणाला. मग विचारलं, चढताना काही होतं का? मी नाही म्हणालो. त्याला पटलं नाही, ते दिसलं.
मग म्हणाला, "मी तुम्हाला आवडत नाही. राहू द्या. माझं ऐकू नका. स्कॅन नांदेडला करा, दुसऱ्या कुणालाही वाचू द्या."
तेव्हा मी पाण्याचं काढलं. एवढी वर्षं पोटात होतं ते सगळं काढलं. वाटलं, आता आईची बाजू घेईल, म्हणजे मला याला दाराबाहेर काढता येईल.
"उपवास नव्हता," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं. मी तिथं गप्प बसलो."
एवढंच. माफी मागितली नाही. मागितली असती तरी दिली नसती.
तो गेल्यावर सौ. म्हणाली, "त्याच्यावर राग धरा, मी न्हाई कुठं म्हणायले? पण त्याचा राग सोताच्या काळजावर कशाला काढायलाव?"
नांदेडला जायचं ठरलं. तिच्यासाठी.

२८, शुक्र.
नांदेड. स्कॅन वाचणारे डॉक्टर अनोळखी, त्यांना मी कुणाचा सासरा ते माहीत नाही. डावीकडची मोठी वाहिनी बरीच अरुंद आहे म्हणाले. मनगटातून तार घालून अँजिओग्राफी करायची, लागलं तर तिथंच स्टेंट. कुणी बघायला सांगितलं होतं, त्यांनी विचारलं. सौ. चटकन म्हणाली, "आमच्या जावयानं."
डॉ.चं म्हणणं बरोबर निघालं याचा जास्त संताप येतो. चुकला असता तर बरं झालं असतं. दोन्ही अर्थानं.

६ डिसें., शनि.
सकाळी विहारात अभिवादन. पायऱ्या हळू चढलो. प्रज्ञा आली होती, माझ्या मागं एक पायरी सोडून चालत होती. पडलो तर धरायला. म्हणालो, पुढं चल. गेली नाही.

७, रवि.
उद्या अँजिओग्राफी. आज दुपारी निघायचं.
प्रज्ञा सांगत होती, तिथले डॉक्टर डॉ.ला आत पडद्याजवळ उभं राहू देतील. त्यानं स्वतः मला विचारलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तरच येणार, नाहीतर बाहेर आमच्यासोबत बसणार. "पप्पा, काय सांगू त्यांना?"
मी पेपर वाचत राहिलो.
जीव वाचवला म्हणून माणूस आवडायलाच पाहिजे, असं काही नाही. आणि आवडत नाही म्हणून त्याला बाहेर बसवायचं... ते पण न्हाई.
सौ. बॅग भरायलीय. प्रज्ञा दारात उभी आहे, अजून.