थाप पडते, निरोप पोचत नाही

३ फेब्रुवारी
आज हात उचलला. चौदा वर्षांच्या लेकीवर! सराव परीक्षेचा पेपर अर्धा कोरा. म्हणे, "आई, बोटं आखडतात गं, पेन धरवत नाही." मी म्हटलं, "अभ्यास नको म्हणून सगळी नाटकं!" आणि एक ठेवून दिली. रडली नाही. गाल चोळत आत गेली.

४ फेब्रुवारी
ती बोलत नाही. मीही नाही.
कॉलेजात हार्मोन्सचा तास. माझं दरवर्षीचं वाक्य – काही हार्मोन्स पेशीत शिरत नाहीत, नुसती दारावर थाप मारतात. आत धावपळ करतो तो दुसराच निरोप्या, सायक्लिक एएमपी नावाचा बारका रेणू. मागून कुणीतरी, "मॅडम, आमच्या घरी बाबा हाक मारतात नि आई धावते, तसं!" वर्ग खो खो हसला. मीही. तास छान रंगला.

६ फेब्रुवारी
शाळेतून फोन. भरवर्गात आकडी आली. रक्तातलं कॅल्शियम पार तळाला गेलेलं. हॉस्पिटलात शिरेतून हळूहळू सोडतायत.
यांनी विचारलं, "आधी काही त्रास होता का गं तिला?"
मी म्हणाले, "नाही."
खोटं! तिच्या उशाशी बसून! तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, परत मिटले. बापाला काही सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन हिच्यात भरपूर आहे. हवं त्याच्या कितीतरी पट."
"मग कमी कसं पडतं?" – हे.
"मूत्रपिंडाच्या पेशींवर थाप पडते, पण आत निरोप्या तयारच होत नाही. जन्मजात दोष. बोटं आखडत असतील हिची बरेच दिवस."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच तर शिकवते मी! तिथेच यांना सगळं सांगून टाकलं – पेपर, नाटकं, थप्पड. हे एवढंच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"


१४ फेब्रुवारी
घरी आणली. गोळ्या जन्मभर. वेणी घालायला गेले तर मान काढून घेतली. बरोबरच आहे.

१२ मार्च
जनुकाचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई मलाच म्हणाल्या, "मूठ वळा बघू." वळली. करंगळीशेजारच्या बोटाचा सांधा वर येतच नाही, तिथे खळगा. दोष माझ्याकडूनच गेलाय! मला वडिलांकडून आला म्हणून नुसत्या बोटावर भागलं; आईकडून आला की असा छळतो.
मान वर करवेना. तेवढ्यात लेकीने आपली मूठ माझ्या मुठीला लावली.
"अय्या, आई – सेम!"
आणि हसली.