चार बोटं कातडं

शनि., २ मे
कातडं सीलचंच आहे. मालेनेनंच सांगितलं, दुपारी फोनवर, अगदी सहज. "हरीण? आमच्या किनाऱ्याला हरणं नाहीत गं. सीलचं आहे, आईच्या बुटातलं."
आधी लेकीनं, इरानं ओळखलं होतं. देवापाशी ठेवलेला तुकडा उचलून उजेडात धरला, केसांवरून उलटं बोट फिरवलं आणि खाली ठेवून हात धुवायला गेली. गेल्या उन्हाळ्यात ती वर समुद्रकाठच्या सील-आश्रयगृहात कामाला होती.
पुढच्या शनिवारी धाकट्या ओमची मुंज. श्री.च्या आईंनी पुण्याहून पळी-पंचपात्रापासून लंगोटीपर्यंत सगळं आणलंय, फक्त जानव्याला बांधायचं अजिन सोडून. श्री.नं फोनवर दम दिला होता, "हरणाचं कातडं विमानतळावर सापडलं तर मुंज कोठडीत लागेल." म्हणून मी मालेनेला विचारलं. ती ग्रीनलंडची. दहा वर्षांपूर्वी खेमेंटच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, डच वर्गात एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची मैत्रीण. "विधीसाठी कातड्याचा तुकडा हवाय, चार बोटं, जनावर कुठलंही." डच अपुरं पडलं की मी वाक्यं छोटी करते. काल तिनं लिफाफ्यातून आणून दिला. करडा, चंदेरी झाक. आईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं.

रवि., ३ मे
सकाळपासून तेच.
इरा करवली. मुंजीत ओमच्या मागे ताट घेऊन तीच उभी राहणार. म्हणाली, "आय फेड देम, आई. ह्या हातानं मासे भरवलेत. आता त्यांचं कातडं ताटात धरू? मी हॉलमध्येच येणार नाही."
श्री. म्हणाला, "अगं, चार बोटं कातडं आहे."
"तुझा पट्टा किती बोटं आहे, बाबा?"
तिचे स्वतःचे बूटसुद्धा कापडाचे, त्यामुळे तिला उलटं काही सुनावता येत नाही.
आई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "आणि हरीण काय, कातडं स्वतः आणून देतं वाटतं?"
"एक्झॅक्टली, आजी! म्हणून काहीच नको."
आईंना आपण कुणाच्या बाजूनं बोललो ते कळलं नाही. मलाही नाही.
वीस वर्षं पेपरच्या डेस्कवर दोन्ही बाजू घेऊन बातमी सोडली. इथे दोन्ही बाजू जेवायलाच बसतात.

सोम., ४ मे
गुरुजींना फोन. एरवी झुइडओस्ट भागातल्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, मीटिंगमधून बाहेर येऊन बोलले.
"शास्त्रात काळविटाचं. नसेल तर दर्भ बांधू, वहिनी. निम्म्या मुंजी मी तशाच लावतो."
"सील चालेल का?"
हे ऐकून म्हणाले, "मी शनिवार-रविवारचा भटजी. मला इतकं अवघड विचारू नका."
म्हणजे सुटलं. दर्भ बांधायचा, तुकडा मालेनेला आभार मानून परत.
कचऱ्याच्या डब्यांच्या नव्या नियमांचं भाषांतर परवा द्यायचंय. केटररला माणसं कळवायची राहिली.

बुध., ६ मे
सुटलं नाही.
तुकडा पर्समध्ये घालून मालेनेकडे गेले. तिनं कॉफी ठेवली आणि न विचारताच कपाटातून बूट काढले. आईचे, सणाचे. एका बुटाच्या वरच्या कडेची पट्टी गायब, कातरीचा काप ताजा. मी समजत होते जुना फाटका बूट असेल. चांगला होता.
"बाबांनी मारला, आम्ही खाल्ला, आईनं बूट शिवले," ती म्हणाली. तिच्या लहानपणी वडिलांच्या शेडमध्ये कातडी पडून राहायची, कुणी घेईना. "इथे लोक पोस्टरवरच्या पांढऱ्या पिल्लासाठी रडले. आम्ही तसली पिल्लं मारत नव्हतो. पण रडणाऱ्याला कोण समजावणार? मग बंदी आली. कायद्यात आम्हाला सूट आहे. बाजारात नाही."
भांडत नव्हती. हे सांगून सांगून कंटाळलेल्या माणसासारखी बोलत होती.
आणि मग: शनिवारी तिला पुढच्या रांगेत बसायचंय. फोटो काढून भावाला पाठवणार. आईच्या बुटाचा तुकडा एका मुलाच्या छातीवर.
पर्स उघडलीच नाही. तुकडा परत घरी.

गुरु., ७ मे
जेवताना सगळं सांगितलं. बुटाचंही.
श्री.: "मग बांधू या ना. इराला मी समजावतो." इरा: "समजव." एवढंच. पण तो 'समजव' असा आला की त्यानं वरणाची वाटी पुढे ओढली.
मालेनेची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आईंना सांगितली. तिची आजी सील घरी आणला की आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी घालायची. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला, तहानलेला असणार म्हणून.
आईंचा हात थांबला. मामंजी गेले तेव्हा त्यांनीच गंगेची लोटी फोडली होती. म्हणाल्या, "तोंडात पाणी घालतात ती माणसं माजलेली नसतात."
इरा जिन्यात होती. "पाणी मेल्यावर घालतात, आजी. मारून."
"हो," आई म्हणाल्या.
इराचंही खरं. मालेनेचंही. दमले.

शुक्र., ८ मे
दुपारी मालेनेला गाठून सांगून टाकलं. बसथांब्यावर, उभ्या उभ्या. इरा काय म्हणते, मी परवा तुकडा परत द्यायला आले होते, सगळं. वाटलं होतं रडेल नाहीतर चिडेल. दोन बस सोडल्या तिनं.
मग: "तू मला परवाच सांगायला हवं होतंस. इरा तरी स्पष्ट बोलली."
"मी उद्या लवकर येते. आधी इराला भेटते. ती 'हो' म्हणाली तर बांधा. 'नाही' म्हणाली तर मी तुकडा घरी नेईन आणि बुटाला परत शिवेन. पण 'नाही' ती म्हणेल, माझ्या तोंडावर. तू नाही."
"आणि पुढची रांग?"
"तिथे मी बसणारच. ओम काय फक्त कातड्यामुळे माझा आहे?"
घरी येऊन इराला सांगितलं. तिला हे अपेक्षित नव्हतं. फोन खाली ठेवला. "ती रागावलीय?"
"नाही."
"रागावली असती तर सोपं होतं." मग, "मला काय बोलायचं ते मला माहितीये." थोड्या वेळानं, "डचमध्ये बोलेन. मराठीत मी लहान वाटते."
आईंनी ताट लावलंय. त्यात दर्भ आहे. लिफाफा ताटाशेजारी, ताटात नाही. इराची साडी तिच्या दारावर लटकवली, तिनं काढून आत नेली. नेसणार की घडी घालून ठेवणार, माहीत नाही.
गुरुजी नऊला हॉलवर येणार. मालेने त्याआधीच्या बसनं आमच्याकडे. आल्यावर खाली थांबणार नाही म्हणाली, थेट वर इराच्या खोलीत जाणार.